बारा आणे हजेरी

मी निवृत्त झाले त्या दिवशी शाळेनं माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी माइक पुढं करून विचारलं, "बाई, तुमच्या शिक्षणाचं श्रेय कोणाला द्याल?" मी वडिलांचं नाव घेतलं, गुरुजनांचं घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते अगदीच खोटं नव्हतं, पण फारसं खरंही नव्हतं. वडील बिचारे लातूरला कापसाच्या एका गिरणीत कारकून होते, आणि माझ्या शिक्षणाला त्यांनी आडकाठी केली नाही, एवढंच त्यांचं कर्तृत्व. खरं श्रेय द्यायचं तर निजाम सरकारच्या एका नियमाला आणि नांदेडच्या माझ्या आत्याच्या परसातल्या एका खुंटीला द्यावं लागेल. पण ती खुंटी कशाची होती हे भरल्या सभेत सांगायची तेव्हा माझी छाती झाली नाही. आता ऐंशी उलटूनही बरीच वर्षं झाली. आता कोण मला काय म्हणणार आहे.

लातूरला तेव्हा मुलींची शाळा होती ती चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर मुलीनं एक तर मुलगा व्हावं किंवा नांदेडला जावं. त्यातल्या त्यात सोपं म्हणून मी नांदेडला गेले. सरकारी परीक्षा दिली होती, तीत मला वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळाली. फी माफ, पुस्तकं फुकट, आणि वर महिन्याकाठी माझ्या जेवणाखाण्याचं निघेल एवढं हातात. तो वजिफा नसता तर वडिलांनी मला पाठवलं नसतं, हे त्यांनी मला मोटारीत बसवतानाच सांगितलं. "वजिफा हाय तवर शाळा," ते म्हणाले, "तो बंद झाला की परत ये. मग बघू." बघू म्हणजे काय बघणार होते हे मला माहीत होतं. माझ्याहून वर्षभरानं मोठ्या दोन मैत्रिणी बघून झालेल्या होत्या, आणि त्यातली एक औशाला सासूच्या हाताखाली भाकरी थापत होती.

आत्याचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, त्याच्या मागोमाग अजान, आणि दोन्हींच्या वरताण आतोबांचं घसा खाकरणं. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, अदालतीत अहलकार म्हणजे कारकून, शेरवानी घालणारे, अत्यंत सज्जन. त्यांचं उर्दू हस्ताक्षर असं होतं म्हणे, की मुन्सफसाहेब निकालापेक्षा अक्षराकडेच बघत बसायचे. घरात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे, कारण ते शब्द काढतच नसत. बोलायची ती आत्या. तिच्या हाताची येसराची आमटी आणि धपाटे आजही आठवले की तोंडाला पाणी सुटतं, आणि तिचं बोलणं आठवलं की कान अजून गरम होतात.

वजिफ्याचा सरकारी कागद आला तेव्हा आतोबांनी तो सोप्यात बसून मोठ्यानं वाचला आणि आत्यासाठी मराठीत सांगितला. मुलीनं दर इम्तिहानात सगळ्या विषयांत पास झालं पाहिजे. चालचलन नेक पाहिजे. हाजिरी रुपयात बारा आणे पाहिजे, म्हणजे शाळेच्या दर चार दिवसांतले तीन दिवस तरी हजर. आणि तब्येत तंदुरुस्त पाहिजे, कारण आजारी मुलीवर सरकारचा पैसा वाया घालवता येत नाही. यातलं काहीही कमी पडलं तर वजिफा मौकूफ, म्हणजे बंद. आत्या शेंगा फोडता फोडता ऐकत होती. म्हणाली, "पोरगी हुशार हाय, चालीनं बरी हाय, आन् म्हशीवानी धडधाकट हाय. कशाला कमी पडतंय?" चारांतल्या तीन अटी तिनं अशा एका दमात निकालात काढल्या. चौथी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

आत्याच्या घरी शाळेची जागा ठरलेली होती. परसदारी न्हाणीशेजारच्या भिंतीत एक खुंटी होती, तिच्यावर माझं शाळेचं लुगडं. सकाळी तिथंच ते नेसायचं, परसदारानंच जायचं, आल्यावर तिथंच सोडायचं, हातपाय धुऊन, घरातलं नेसून मग उंबऱ्याच्या आत. कारण शाळेत कोण कोणाला शिवतं याचा धरबंद नव्हता. माझ्या बाकावर एका बाजूला कोतवालांची रशीदा आणि दुसऱ्या बाजूला लिंगायत वाण्याची गंगा बसायची, आणि तिघींचे डबे दुपारी एकमेकींत जायचे. डब्याचं आत्याला माहीत नव्हतं. लुगड्यावरून मात्र तिनं ठरवून टाकलं होतं की शाळा म्हणजे सगळी ओवळी जागा.

आणि मग मी मोठी झाले. त्याला आमच्याकडे कावळा शिवला म्हणत. दर महिन्याला चार दिवस तो कावळा मला शिवायचा आणि मी परसातल्या पडवीत जाऊन बसायची. एक घोंगडं, एक तांब्या, एक ताटली. आत्या वरून भाकरी टाकायची, वरून वरण वाढायची, आणि चार दिवस माझ्याशी बोलायची ती भिंतीकडे तोंड करून. शाळा अर्थातच बंद. लुगड्याची खुंटीसुद्धा माझ्यापासून चार हात लांब.

खरं सांगते, मला ते चार दिवस आवडायचे. दळण नाही, पाणी नाही, भांडी नाही. पुस्तकांचा प्रश्न पहिल्याच महिन्यात निघाला होता. आत्यानं पुष्कळ विचार करून निवाडा दिला की मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर गणपती असतो, त्याला शिवायचं नाही; गणिताच्या वहीवर मी श्री लिहिलंय, तिलाही नाही; पण उर्दूच्या पुस्तकात आपला कोणी देव नाही, ते खुशाल घे. त्यामुळं महिन्यातले चार दिवस मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फक्त उर्दू वाचायची. तिमाहीला उर्दूत वर्गात पहिली आले, रशीदाच्याही पुढं. बड्या उस्तानींनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरीणबाईंनी, साऱ्या वर्गासमोर माझी पाठ थोपटली आणि विचारलं की घरी उर्दू कोण शिकवतं. मी खाली मान घातली. कावळा शिकवतो असं कसं सांगणार.

गैरहजेरीची चिठ्ठी आतोबा लिहायचे. कारण लिहायला त्यांची लेखणी धजेना, म्हणून ते लिहीत, "तबियत नासाज," तब्येत बरी नाही. पहिल्या महिन्यात नासाज, दुसऱ्या महिन्यात नासाज. त्यात औशाचे एक चुलत आजोबा वारले. त्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण दहा दिवसांचं सुतक मला आलं. आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, म्हणून तिला नाही. तिनं मला दहा दिवस शाळेत जाऊ दिलं नाही आणि स्वतः मात्र रोज देवळात जाऊन आली. आतोबांनी पुन्हा लिहिलं, नासाज. मग श्रावण आला, त्यातले सोमवार-शुक्रवार आले, आणि आत्याच्या मते ज्या दिवशी घरात पुरण शिजतं त्या दिवशी शाळेत जाणं हा दळभद्रीपणा होता.

शाळेत हिंदू मुली आणखीही होत्या आणि त्यांचेही कावळे होतेच. पण त्यांना वजिफा नव्हता, म्हणून त्यांचे दिवस कोणी मोजत नव्हतं. माझे मोजले गेले. तिमाहीचा तक्ता तालीमच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, दफ्तरात गेला आणि तिथून कागद आला: वजिफा घेणारी मुलगी दर महिन्याला कोणत्या मर्जानं आजारी पडते, मर्ज किती जुना, बरा होण्याजोगा आहे किंवा कसे, याचा दाखला हजर करावा.

आतोबांना सत्य लिहिण्यापेक्षा राजीनामा लिहिणं सोपं गेलं असतं. ते गल्लीतल्या वैद्यबुवांकडे गेले. वैद्यबुवांनी सगळं ओळखलं आणि तेही तितकेच सभ्य निघाले. त्यांनी लिहून दिलं, "उदरशूल व क्वचित मूर्च्छा," आणि दाखला खरा दिसावा म्हणून खाली औषधही लिहिलं, काडेचिराइताचा काढा, दोन वेळा. आतोबांनी त्याचं उर्दू केलं आणि त्या सुंदर अक्षरात मला दर महिन्याला झटके येऊ लागले. कागद गेल्यावर मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या वाटी घेऊन उभी.

"हे काय?" मी म्हटलं.

"काढा. पी."

"आत्या, मला काय झालंय?"

"झालं न्हाई काही. पर सरकारी कागदावर औषीद लिहिलंय. उद्या कुणी इचारलं, पोरगी औषीद घेती का, तर मी खोटं बोलू? माझ्या जिभेला खोट्याची सवं न्हाई. पी मुकाट्यानं."

असा तो काढा मी पुढं कित्येक महिने प्याले, केवळ आमचं घर सत्यवचनी होतं म्हणून.

दफ्तराचं उत्तर आलं ते सरळ होतं. जुना मर्ज असलेली मुलगी तंदुरुस्त म्हणता येत नाही. तरी सरकार मेहेरबान होऊन आणखी एक संधी देत आहे. येत्या तिमाहीत हाजिरी बारा आण्यांवर आली आणि सालाना इम्तिहानाला मुलगी सगळे दिवस हजर राहिली, तर वजिफा कायम, नाहीतर मौकूफ. आतोबांनी ते दोनदा वाचलं आणि कागदाची घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवली. मी पडवीत बोटांवर हिशोब घातला. आधीचे खाडे धरले तर आता एक दिवससुद्धा बुडवून भागणार नव्हतं, आणि इम्तिहान कधी येणार हे कावळ्याला कोण सांगणार. वडिलांना कळवलं होतं, त्यांचं कार्ड आलं. त्यावर चारच ओळी होत्या, आणि शेवटची होती, "परत येण्याची तयारी असू द्यावी." त्या रात्री मी जेवले नाही. आत्यानं विचारलंही नाही, कारण तिला वाटलं काढ्यानं भूक मेली असेल.

एवढ्यावर आत्या हलली असती असं मला वाटत नाही. शाळा काय, आज आहे उद्या नाही. पण त्याच सुमाराला हदगावहून एक मंडळी मला बघायला आली. आतोबांच्या नात्यातलीच, घरची शेती, मुलगा मॅट्रिकला दोनदा बसलेला. आत्यानं चुरमुऱ्यांचा सुशीला केला, वर शेव, चहा. मी सुशीला-पानाचं ताट नेऊन ठेवलं, नाव सांगितलं, शाळेत कितवी ते सांगितलं. मुलाच्या वडिलांनी सगळं खाल्लं, पान जुळवलं, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "वैनी, ऐकून हाव आम्ही, पोरीला दर महिन्याला झटके येतात म्हनं?"

आतोबांच्या अदालतीतल्या कुणा शिपायानं कागद पाहिला होता. इतकं सुंदर अक्षर, कोणीही वाचलं असतं.

"कोण म्हनतंय?" आत्या म्हणाली.

"कागदावर हाय म्हनं. सरकारी."

मंडळी उठली ती तेवढ्यावरच. आत्यानं दार लावून घेतलं. मग वळून आतोबांना म्हणाली, "तो कागद वापस आना."

"सरकारी मिसलेला, फायलीला लागलाय तो," आतोबा म्हणाले. "आता वापस येत नसतो."

"मग दुसरा लिहा. पोरगी बरी हाय म्हनून."

"बरी आहे तर गैरहजर का, ते लिहावं लागेल."

"मग लिहा की खरं काय ते."

सगळ्या जिल्ह्याच्या खुनाच्या, दरोड्याच्या, पळवून नेल्याच्या हकिकती ज्यांनी त्या बोरूनं लिहिल्या होत्या, त्या आतोबांना आपल्या भाचीचा कावळा लिहवेना. आत्यानं डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाली, "चाल. कोण ती तुझी उस्तानी, तिला दाखव."

जन्मात शाळेची पायरी न चढलेली माझी आत्या त्या दिवशी शाळेत आली. बड्या उस्तानी हैदराबादकडच्या, उंच, चष्मेवाल्या, पानाचा डबा जवळ. त्यांनी खुर्ची दिली, आत्या बसली नाही. लाकूड विटाळत नाही, पण खुर्चीवर कापडी गादी होती. उभ्या उभ्याच तिनं आपल्या उर्दूत, म्हणजे मराठीला दोनचार "है" लावून, सांगून टाकलं, "बाईसाब, मेरी पोरी को रोग-बीग कुछ नहीं है. महिने के चार दिन बाजूला बैठती है. बस. सगळ्या बायका बैठते."

बड्या उस्तानींना क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "बस, इतनी सी बात?" त्या म्हणाल्या. "और मैं समझी लड़की को मिरगी है. मगर बहन, उन दिनों में घर क्यों बैठती है?"

हा प्रश्न आत्याला जन्मात कोणी विचारला नव्हता. बड्या उस्तानींच्या घरी त्या दिवसांत नमाज माफ होती, शाळा माफ नव्हती. त्यांच्या डोक्यात ही गोष्ट कधी आलीच नव्हती. दोघी शहाण्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मी मधे उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. शेवटी उस्तानी म्हणाल्या, की ही गोष्ट त्यांना दफ्तराला लिहिता येणार नाही, तिथं सगळे मर्द बसतात. आजाराचा कागद खोडता येणार नाही. एकच होईल. मुलगी रोज हजर राहिली, इम्तिहानाला बसली, वजिफा कायम राहिला, तर मुलगी तंदुरुस्त आहे असं सरकारनंच म्हटल्यासारखं होईल. "और वजिफा गया," त्या म्हणाल्या, "तो कागज़ पर बीमार ही रहेगी. हमेशा."

आम्ही घरी परतलो. परसदारानं आत आलो, मी लुगडं सोडून खुंटीवर टाकलं, आणि ती त्या खुंटीकडे बघत पायरीवर बसली. मग म्हणाली, "कमे, ह्ये लुगडं ओवळंच ना?"

"हाव."

"शाळा ओवळीच ना?"

"तूच म्हणतीस."

"मग ओवळ्यानं ओवळ्यात गेलं, तर इटाळ कुणाचा होतो?"

असा न्याय मी पुढं कोणत्याही कोर्टात ऐकला नाही. आत्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. "पडवीतून उठायचं, लुगडं नेसायचं, परसदारानं जायचं, परसदारानं यायचं, पडवीत बसायचं. घरात पाय ठेवायचा न्हाई. सरकारची हाजिरी सरकारला, माझे चार दिवस मला." झालं. त्या महिन्यापासून मी घरात अस्पृश्य आणि शाळेत पहिल्या बाकावर, अशी एकाच दिवशी दोन्हीकडे हजर असायची. पडवीत मला भाकरी वरून पडायची आणि दुपारी रशीदाच्या डब्यातला खिमा मी तिच्याच हातातून खायची. हे आत्याला कळलं असतं तर ती निजामाचं राज्य बुडायच्या आधी नदीत बुडाली असती.

हजेरी भरली. इम्तिहान झालं, पास झाले, उर्दूत पहिली. दफ्तरातून पत्र आलं की वजिफा कायम करण्यात येत आहे, आणि मुलगी जुन्या मर्जातून बरी झाल्याबद्दल सरकार समाधान व्यक्त करत आहे. आतोबांनी ते पत्र चौकट करून लावलं. वैद्यबुवांचं नाव एवढं झालं की हदगावपर्यंतच्या आया आपल्या मुलींना त्या काढ्यासाठी घेऊन येऊ लागल्या, आणि ते सभ्य गृहस्थ तो देऊही लागले. किती पोरी त्या पायी काडेचिराईत प्याल्या असतील, त्याचं पाप माझ्याच माथी. हदगावच्या मंडळींनीही पुन्हा निरोप पाठवला. आत्यानं कळवलं, पोरगी शिकायलीय, मॅट्रिकला एकदाच बसणारा असंल तर सांगा.

पुढं मी स्वतः मुख्याध्यापिका झाले आणि एकवीस वर्षं हजेरीपट तपासले. दर महिन्याला तीन-चार दिवसांच्या रिकाम्या चौकोनांची रांग कोणत्या मुलीची आहे हे मला लांबून कळायचं. त्यातल्या ज्या मुली फी-माफीवर होत्या, त्यांचे चौकोन मी माझ्या हातानं भरले. हे मी सत्काराच्या दिवशी सांगायला हवं होतं. शाल परत घेतली असती तर घेतली असती.

पण एक सकाळ सांगायची राहिली. सालाना इम्तिहानाचा पहिला दिवस, आणि कावळ्यानं बरोबर तोच दिवस साधला होता. मी पहाटे उठून खुंटीवरचं लुगडं नेसले आणि पडवीच्या कडेला उभी राहिले. इम्तिहानाला जाताना आत्या माझ्या हातावर दही-साखर घालायची. मी हात पुढं केला नाही, म्हटलं आज कसलं दही. आत्या स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. न्हालेली, सोवळ्यातली, देवपूजा व्हायची होती. वरून टाकायला पळी नव्हती तिच्या हातात. ती पायरी उतरून खाली आली, माझा हात धरला, दही-साखर तळहातावर ठेवली आणि माझी बोटं आपल्या बोटांनी मिटवली. मला वाटलं चुकून झालं. मी हात मागं घेऊ लागले तर तिनं तो आणखी घट्ट धरला.

"बघतीस काय," ती म्हणाली. "खा, आन् जा. घंटा होईल."

मग भिंतीकडे तोंड न करता, माझ्याकडे बघत ती उलट पावली वर गेली आणि न्हाणीत शिरली. मी परसदार ओढून घेतलं तेव्हा आत तांब्यावर तांब्या पाणी पडत होतं, गार, कारण बंबातलं ऊन पाणी तिनं पहिल्या अंघोळीलाच संपवलं होतं. पेपर उर्दूचा होता. लिहिताना सगळा वेळ हाताला दह्याचा वास येत होता, आणि संध्याकाळपर्यंत मी तो हात धुतला नाही.